घाटावरचं तळं, घाटाखालचं गाव

रेडिओवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. त्याला नकाशा दाखवता येत नाही. म्हणून श्रोतेहो, नकाशा तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत, डाव्या हाताला अरबी समुद्र आणि मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. या पट्टीत वर पेण, खाली रोहा. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका. शाळेच्या भूगोलात या दोन गावांची नोंद ‘नदीकाठची गावं’ अशी आहे. ती चूक नाही, पण अर्धीच आहे. रोहा हे तळ्याकाठचं गाव आहे असं मी म्हणालो तर तुम्ही विचाराल, कुठे आहे तळं? तळं आहे, फक्त ते गावात नाही. ते डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, आपल्या डोक्यापासून शेकडो मीटर उंचीवर आहे. त्याचं नाव मुळशी.

इटलीच्या उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याशी कोमो नावाचं गाव आहे. विजेचं माप ज्याच्या नावानं आपण रोज उच्चारतो, तो अलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ साली याच गावात जन्मला. गावाला लागून लांबलचक तळं आहे, उलट्या केलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारखं. त्याच्या एका पायाशी कोमो, दुसऱ्या पायाशी लेको. आद्दा नावाची नदी वरून या तळ्यात शिरते आणि लेकोपाशी बाहेर पडते. हे तळं बर्फाच्या नद्यांनी हजारो वर्षं डोंगर कोरून केलेलं. माणसानं त्यात फार उशिरा हात घातला. आद्दा नदीवर खाली पादेर्नो या ठिकाणी १८९८ साली वीजघर झालं आणि तिथल्या विजेवर मिलान शहराच्या ट्राम धावू लागल्या. डोंगरातलं पाणी आणि सपाटीवरचं श्रीमंत शहर, यांच्यात तारेचं नातं जुळलं ते असं.

आपल्याकडे नेमकं हेच नातं जुळवायचं होतं. फक्त आल्प्सला बर्फ आहे आणि सह्याद्रीला पाऊस. बर्फ वर्षभर थोडा थोडा वितळतो. आपला पाऊस चार महिन्यांत सगळं ओतून मोकळा होतो. तेव्हा वितळणाऱ्या बर्फाचं काम इथे तळ्यांनी करायचं होतं, आणि तळी तर नव्हती. ती बांधावी लागली. जमशेदजी टाटांच्या मनात ही कल्पना होती. ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्यामागे १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं आणि १९२७ साली भिऱ्याचं. गंमत अशी की तिन्ही वीजघरं आपल्या जिल्ह्यात आणि त्यांची तळी पुणे जिल्ह्यात. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी. पाणी तिथलं, उतार आपला आणि उजेड मुंबईचा.

पण थेट विजेवर उडी मारली तर कुंडलिकेवर अन्याय होईल. ही नदी विजेच्या आधी हजार वर्षं कामावर होती. तिचं मुख रेवदंड्याला. एका बाजूला रेवदंडा आणि त्याला लागून चौल, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगर. ग्रीकांना हे बंदर माहीत होतं. अरब त्याला सैमूर म्हणत.

मला लोक अधूनमधून एक प्रश्न विचारतात. कविसंमेलनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मी त्यांना मसूदीची गोष्ट सांगतो. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार. इसवी सन ९१६ च्या सुमारास तो या सैमूरला, म्हणजे चौलला आला. तेव्हा इथे राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि त्यांच्या हाताखाली शिलाहार घराण्यातला झंझ हा राजा कोकणात राज्य करत होता. मसूदीनं लिहून ठेवलंय की या एका बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. काही सिराफहून आलेले, काही ओमान, बसरा, बगदादहून. इथेच लग्नं करून स्थायिक झालेले. आणि काहींना तो ‘बयासिरा’ म्हणतो. बयासिरा म्हणजे हिंदच्या भूमीत जन्मलेले मुसलमान. त्यांचे आपापसातले तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमून दिला होता. ही गोष्ट अकराशे वर्षांपूर्वीची. महंमद घोरी अजून अडीचशे वर्षं दूर होता. ज्ञानेश्वरीला तर पावणेचारशे वर्षं अवकाश होता. तेव्हा मराठी अजून अंगणात रांगत होती आणि बयासिरा तिच्याबरोबरच रांगत होते. प्रश्न विचारणारे हे ऐकून सहसा जिलेबीकडे वळतात.

या नदीतून भाषेत काय काय आलं ते पाहण्यासारखं आहे. ‘बंदर’ फारसी. ‘दर्या’ फारसी. ‘मोसम’ अरबी, ‘खलाशी’ अरबी. ‘नाखवा’ हा शब्द तर मला फार आवडतो. मूळ फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आमच्या कोकणी मुसलमानांत ते आडनाव झालं आणि कोळ्यांच्या तोंडी आदरानं हाक मारायचा शब्द. नावेचं धनीपण धर्म विचारून देता येत नाही, समुद्र ते देत नाही.

चौलला आलेल्या परदेशी माणसांची यादी मोठी आहे. रशियाचा अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास इथे उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी आला लुदोविको दि वार्थेमा. हा उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराचा. त्यानं चौलचं वर्णन केलंय ते असं : तटबंदीचं शहर, समुद्रापासून थोडं आत, सुंदर नदीवर वसलेलं, धान्य मुबलक, सुती कापड मुबलक. आणि मग तो म्हणतो की इथे सगळं पिकतं, फक्त द्राक्षं, अक्रोड आणि चेस्टनट तेवढी मिळत नाहीत. घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसाला नेमकं काय आठवत होतं ते या एका वाक्यात कळतं. कुंडलिकेला ‘सुंदर नदी’ म्हणणारा पहिला इटालियन तोच असावा. आज धाटावच्या पुलावरून नाकाला रुमाल लावून जाताना मला त्याची आठवण होते.

वार्थेमा येऊन गेला आणि तीन वर्षांत याच मुखाशी तोफा वाजल्या. १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तहून आलेलं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई इथे झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. त्याचं जहाज बाहेर पडताना नदीत मासे धरायला रोवलेल्या खुंटांत अडकलं, असं पोर्तुगीज बखरकारच लिहून गेलेत. तोफखान्यानं जे होईना ते कुठल्या तरी अनाम कोळ्याच्या खुंटानं केलं. पोर्तुगीज अर्थात परत आले. १५२१ पासून त्यांनी रेवदंड्याचा कोट बांधला, पुढे १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगर घेतला आणि १७४० मध्ये मराठ्यांनी दोन्ही ठिकाणं मिळवेपर्यंत ते इथेच होते. कोर्लईच्या काही घरांत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली बोलली जाते. हे जगातलं एक नवल आहे आणि ते आपल्यापासून एसटीच्या अंतरावर आहे.

रोहा या सगळ्याच्या मागच्या बाजूला. भरतीच्या पाण्यावर मचवे वर यायचे, भात भरून ओहोटीबरोबर खाली जायचे. एका तीराला रोहा, समोर अष्टमी. आजही नगरपालिकेच्या नावात दोघी बहिणी एकत्र आहेत : रोहा अष्टमी. गावाच्या पाठीला अवचितगड. गडावर बारा कोनांचं एक दगडी तळं आहे आणि बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे १७९६ चा, मराठी शिलालेख. धावीर महाराजांची पालखी निघते ती गावाची पालखी असते. आणि आणखी एक समाज इथे होता, बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’. गावावरून त्यांनी आडनावं घेतली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, रेवदंडेकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. अष्टमकर आडनाव आज तिथल्या टेलिफोनच्या वहीत सापडेल, पण अष्टमीत सापडणं कठीण.

आता नदीचं एक दुखणं सांगायला हवं. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात घरात शिरतात आणि होळीनंतर त्यांच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळतात. कुंडलिकाही तशीच होती. भरतीचं खारं पाणी तेवढं आत यायचं, बाहेर जायचं. गोड्या पाण्याचा प्रवाह म्हणावा तर उन्हाळ्यात नाही. हे चित्र बदललं १९२७ मध्ये, आणि ते बदलण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी दिली.

मुळा आणि नीला या नद्यांचा संगम मुळशीला. तिथलं पाणी मूळच्या वाटेनं गेलं असतं तर मुठेला मिळून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. टाटांच्या योजनेत या पाण्याला धरण घालून, डोंगर पोखरून ते पश्चिमेला भिऱ्यावर सोडायचं होतं. म्हणजे देवानं पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसानं पश्चिमेला वळवलं. त्यासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जायची होती. आंबेमोहर तांदळाची ती खाचरं. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांची ती गावं. सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा हा कायदा खासगी कंपनीसाठी वापरला गेला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळ्यांनी कामावर जाऊन बसकण मारली आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पुढे पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे मुख्य झाले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी मुळशीसाठी तुरुंग भोगला. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा बारकाईनं अभ्यास केला आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आपण सोयीनं विसरतो. त्या जमिनींचे कागदोपत्री मालक बऱ्याच ठिकाणी पुण्यातले सावकार होते. जमीन कसणारा मावळा म्हणत होता, जमीन द्यायची नाही. सावकार म्हणत होता, मोबदला नीट मिळाला तर हरकत काय? लढा फुटला तो या फटीतून. टाटांकडे बोट दाखवणं सोपं आहे. या फटीकडे दाखवताना बोट थोडं थरथरतं, कारण ते आपल्याच घराकडे वळतं.

सत्याग्रह अहिंसक होता, शेवटी बापटांनी तोही मार्ग सोडला. १९२४ च्या डिसेंबरात धरणाच्या कामाची गाडी अडवून त्यांनी शस्त्र वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. ते सुटले १९३१ मध्ये. तोवर मुळशीचं तळं भरून चार वर्षं झाली होती.

इटलीच्या उत्तर टोकाला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ कुरोन नावाचं एक गाव आहे. तिथल्या तळ्यातून देवळाचा, म्हणजे चर्चचा, उंच घंटाघर मनोरा वर आलेला दिसतो. फोटो तुम्ही पाहिला असेल, पर्यटनाच्या कॅलेंडरवर हमखास असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोंतेकातिनी या कंपनीनं तिथली दोन नैसर्गिक तळी एक करून पाण्याची पातळी बावीस मीटरनं वाढवली. १९५० मध्ये कुरोनची १६३ घरं पाण्याखाली गेली. मनोरा तेवढा जुना म्हणून ठेवला. त्या भागातले लोक जर्मन बोलणारे; पातळी वाढणार असल्याची सूचना लावली होती इटालियन भाषेत. लोकांना ती वाचताच आली नाही. आता लोक मनोऱ्यापुढे उभे राहून फोटो काढतात. ताम्हिणी घाटातून जाताना पावसाळ्यात मुळशीच्या काठावर गाड्या थांबवून आपणही काढतो, कणसं खातो. मुळशीच्या पाण्यावर मनोरा नाही एवढाच फरक.

आणि तरीही, श्रोतेहो, मी घाटाखालचा माणूस आहे. हे मला लपवता येत नाही. ज्या पाण्यानं वरचा माणूस उठवला त्याच पाण्यानं खालचा माणूस वसवला. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत आलं आणि चार महिन्यांची नदी बारमाही झाली. मुंबईला विजेची गरज पडली की भिऱ्याचे पंखे फिरतात, पंखे फिरले की पाणी सुटतं. अंधेरीत संध्याकाळी कुणी दिवा लावला त्याचा हिशोब आमच्या नदीत उतरतो. आज भिऱ्याची क्षमता ३०० मेगावॉट आहे. वापरलेलं पाणी खाली रवाळज्याला अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात आणि मग ते नदीत सोडतात. कोलाडला मुंबई-पुण्याची मुलं केशरी जॅकेटं घालून रबरी बोटींतून ओरडत जातात, ते सारं सकाळी सुटलेल्या या पाण्यावर. पाणी सुटलं नाही तर रॅफ्टिंग नाही. भर मे महिन्यात खळाळणारी नदी दाखवणारा हा महाराष्ट्रातला दुर्मीळ चमत्कार आहे आणि तो वीज कंपनीच्या वेळापत्रकावर चालतो.

त्याच्या खाली डोलवहाळचा बंधारा. तिथून कालवे निघाले आणि रोहा, माणगाव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळी भात पाहिला. कोकणात पावसाळ्यानंतर शेतात वाल पेरायचा आणि पोरं मुंबईला पाठवायची, हा रिवाज. दोन पिकं आली तेव्हा काही पोरं घरी राहिली. ही लहान गोष्ट नाही. अलीकडे कालव्यांची दुरुस्ती रखडते, शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही आणि दर उन्हाळ्यात त्यावरून निवेदनं, मोर्चे होतात. कालवा बांधताना फोटो असतो, गाळ काढताना नसतो.

मग धाटावची औद्योगिक वसाहत. तिला पाणी हवं होतं आणि सांडपाणी सोडायला जागा हवी होती. कुंडलिकेनं दोन्ही दिलं. रसायनांचे कारखाने आले, रोह्याच्या तरुणाला पगाराचं पाकीट मिळालं, आणि खालच्या खाडीतल्या कोळ्याचं जाळं हलकं होत गेलं. मेलेल्या माशांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. एकाच घरात थोरला भाऊ कंपनीत आणि धाकटा खाडीत असं चित्र मी पाहिलंय. जेवताना ते दोघे नदीविषयी बोलत नाहीत.

रोह्यानं माणसंही दिली. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये इथे जन्मले. चिंतामणराव देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण बालपण रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन घरी आलेले. लोकसभेत ते याच कुलाबा जिल्ह्याचे प्रतिनिधी होते. मला त्यांच्याविषयी दुसरीच गोष्ट भावते. या अर्थतज्ज्ञानं कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं. ढगाला वाट सांगणारं ते काव्य. पश्चिमेकडून आलेला ढग सह्याद्रीला अडतो आणि मुळशीत रिता होतो, हे त्यांनी लहानपणी रोह्यातून पाहिलं असणारच.

आता थोडं पेणकडे येतो. पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, पोह्याचे पापड आठवतात. बरोबरच आहे. पेण, हमरापूर, जोहे इथली निम्मी घरं वर्षातले दहा महिने गणपतीच्या सोंडा वळवत असतात. पण गावातून पश्चिमेला अंतोऱ्याच्या बाजूनं बाहेर पडा. डोंगर संपतो आणि सपाट खारेपाट सुरू होतो. वाशी, शिर्की ही गावं. जमीन समुद्राच्या भरतीपेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध. ही जमीन देवानं केलेली नाही. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचे गोळे रचून समुद्राकडून मागून घेतलेली आहे. या बांधांसाठी जुनी ‘शिलोत्री’ नावाची पद्धत होती. बाहेरकाठच्या बांधांची दुरुस्ती शिलोत्रदारानं करायची आणि त्याबद्दल शेतकऱ्यानं त्याला भात द्यायचं. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला ती मिटते. उघाडी बिघडली किंवा बांधाला खांड पडली की एका रात्रीत शंभर एकरांची मीठचटणी होते आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

अशा गावात विहीर खणली तर खारं पाणी. म्हणून घराशेजारी तळं. पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि त्यात जिताडा सोडायचा. पाहुणा आला की तळ्यातून जिताडा काढायचा. खारेपाटात मुलीच्या स्थळाची चौकशी करताना जमिनीबरोबर तळंही विचारतात. खऱ्या अर्थानं तळ्याकाठची गावं हीच. फक्त ती तळी माणसाच्या पिण्याला उन्हाळ्यापर्यंत पुरत नाहीत.

आणि याच तालुक्यात हेटवणे धरण आहे. भोगेश्वरी नदीवरचं. ते बांधताना खारेपाटाला सिंचनाचं पाणी मिळणार असं ठरलं होतं. कालवे वर्षानुवर्षं अपुरे राहिले आणि पाणी मोठ्या नळानं नवी मुंबईला गेलं. मार्च-एप्रिलमध्ये वाशी-शिर्कीकडच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात आणि त्यांच्या तालुक्यातलं पाणी खारघरच्या विसाव्या मजल्यावर चढलेलं असतं. खोपोली, भिवपुरी, भिरा या तिन्ही ठिकाणी आपण उताराचे धनी होतो. हेटवण्यात तर तळंही आपलं होतं.

पण या तळ्यानं एकदा वेगळाच उपकार केला. २००६ नंतर पेण, उरण, पनवेल या तालुक्यांत महामुंबई सेझसाठी रिलायन्सनं हजारो हेक्टर जमीन मागितली. कायदा पुन्हा तोच, १८९४ चा. मुळशीनंतर पंच्याऐंशी वर्षांनी तोच कायदा, तीच खासगी कंपनी आणि सार्वजनिक काम यांची गल्लत. शेतकऱ्यांनी विचारलं की आमची गावं हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहेत, सिंचनाची जमीन तुम्ही सेझला कशी देता? न आलेलं पाणी, अपुरा कालवा. पण कागदावर ती ओलिताची जमीन होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते पाठीशी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं. सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांनी मतदान केलं, आणि कौल ‘नाही’ असा होता. पुढे तो प्रकल्प बारगळला. विनोबांचं गागोदे याच पेण तालुक्यातलं. त्यांनी १९५१ पासून देशभर फिरून लोकांना जमीन द्यायला सांगितलं. त्यांच्या तालुक्यानं जमीन न देण्याचं मत पेटीत टाकलं. मला यात विसंगती दिसत नाही. दान आणि संपादन हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीतही आणि कायद्यातही.

मुळशीच्या मावळ्यांना असं मत विचारलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा लगेच दुसरा उभा राहतो. मग कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी कुठून आलं असतं? याचं उत्तर मला गैरसोयीचं आहे आणि ते तसंच राहू दे.

कारण प्रश्न आता उलट्या बाजूनं आलेला आहे. भीमेच्या खोऱ्यात, पुणे-सोलापूरकडे पाण्याची ओढ वाढली. तिकडून मागणी होते की टाटांच्या धरणांतलं पाणी पश्चिमेला वीज करायला सोडणं थांबवा, ते मूळच्या वाटेनं पूर्वेला सोडा. वीज आता कोळशातून, सूर्यापासून, कुठूनही करता येते; पाणी करता येत नाही. मुद्दा बिनतोड आहे. ते पाणी त्यांचं होतं हेही खरं. पण ही मागणी मांडताना भिऱ्याच्या खाली काय आहे याचा उल्लेख क्वचितच होतो. ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ असं म्हटलं जातं. ते समुद्रात जाण्यापूर्वी रवाळजे, कोलाड, डोलवहाळ, धाटाव, रोहा, अष्टमी अशी वाट चालून जातं. त्या वाटेवर नळयोजना आहेत, भाताची खाचरं आहेत, कारखाने आहेत. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला तर भरतीचं खारं पाणी आणखी आत येईल, आणि कारखान्यांचं सांडपाणी विरळ करायलाही काही राहणार नाही. शंभर वर्षांत एका नदीला सवय लागली. सवय लावणाऱ्यानं ती मोडताना निदान नदीकाठच्या माणसाला टेबलाशी बोलवावं, एवढीच माझी मागणी. १९२१ मध्ये मावळ्याला बोलावलं नव्हतं.

कोमोच्या तळ्याबाबत इटलीत असाच तंटा चालतो. तळ्याच्या मुखापाशी, लेकोच्या खाली ओल्जिनाते इथे १९४६ पासून दरवाजे आहेत. खालच्या सपाटीवरचे शेतकरी म्हणतात उन्हाळ्यात पाणी सोडा, वरचे म्हणतात तळं उतरलं तर काठ उघडे पडतात. पाणी किती सोडायचं हे वरचे, खालचे आणि वीजवाले मिळून ठरवतात. भांडतात, पण एका खोलीत भांडतात. आपल्याकडे मुळशीचा माणूस, रोह्याचा माणूस आणि सोलापूरचा माणूस एका खोलीत बसल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. बसायचं ठरलं तर खोली आमच्या अष्टमीत मिळेल. खिडकीतून नदी दिसते. सकाळी वर पाणी सुटलं की दुपारनंतर पुलाच्या खांबावरची ओली रेघ चढलेली दिसते, आणि तेवढ्यात खालून भरती लागते.